समोरच्याने इंग्रजीकडे वळू नये म्हणून

२०२१ च्या ऑक्टोबरमधील एका संध्याकाळी माझ्या सात वर्षांच्या मुलीने शाळेतून आणलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर सूर्य, ढग, छत्री अशी चित्रे होती आणि प्रत्येक चित्राखाली तिने एकेक वाक्य लिहिले होते. छत्रीखालचे वाक्य तिने वाचून दाखवले, "ता शे अग कुर बाश्ती", आणि विचारले, "आई, बरोबर आहे ना गं?" पाऊस पडतो आहे एवढा अर्थ मला चित्रावरून कळला, वाक्य बरोबर की चूक, हे मात्र सांगता येईना. गणित, इंग्रजी, मराठीची बाराखडी हे सगळे मी तिला घरी शिकवत होते. आयरिशच्या बाबतीत मी तिच्यासमोर निरक्षर होते, आणि ते मला मनापासून टोचले.

आम्ही सांगलीहून आयर्लंडला आलो ते २०१४ साली, आणि तेव्हापासून डब्लिनच्या पश्चिमेकडील क्लॉनडॉल्किन या उपनगरात राहतो. आयरिश भाषा इथे डोळ्यांना सतत दिसते. रस्त्यावरच्या पाट्यांवर वरच्या ओळीत तिरप्या अक्षरांत गावाचे आयरिश नाव असते आणि खाली इंग्रजी; शहराच्या मध्यभागातून जाणाऱ्या बसवर 'अन लार', म्हणजे 'मध्य', असे लिहिलेले असते; ट्राममध्ये पुढच्या थांब्याची घोषणा दोन्ही भाषांत होते, आणि त्या ट्रामचे 'लुअस' हे नावच मुळात 'वेग' या अर्थाचा आयरिश शब्द आहे. मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांच्या वडिलांचे गाव, ते लिओ वराडकर २०१७ मध्ये इथले पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या पदाच्या नावाचा उच्चार विचारायला माझ्या काकांनी मुद्दाम फोन केला होता आणि 'तीशख' असे मी त्यांना सांगितले होते. पण १९३७ च्या राज्यघटनेच्या आठव्या कलमाने जिला राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा ठरवले आहे, ती भाषा दोन माणसे आपापसांत बोलत आहेत, असे मी सात वर्षांत दुकानात, दवाखान्यात किंवा बसथांब्यावर एकदाही ऐकले नव्हते. जी सगळीकडे दिसते ती ऐकू का येत नाही, हा प्रश्न त्या कागदामुळे मला पहिल्यांदा पडला.

ओळखीच्या मराठी कुटुंबांत मी आयरिश शिकण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा "उपयोग काय?" हाच प्रश्न सर्वांनी विचारला. मोठ्या वयात परदेशातून आलेल्या मुलांना शाळेत आयरिशमधून सूट मिळू शकते, आणि अनेक पालक ती घेतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. माझी मुलगी मात्र इथेच जन्मलेली, इथल्या प्रत्येक मुलासारखी तिलाही ही भाषा शिकायची होती, आणि जे तिला करावे लागणार होते ते तिने एकटीने करू नये असे मला वाटले.

जानेवारी २०२२ मध्ये मी शहरातील एका संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. दर मंगळवारी दोन तास, असे दहा आठवडे. आम्ही बारा जण होतो. निवृत्त बसचालक, एक पोलिश परिचारिका, मुलाला 'गेलस्कॉल'मध्ये म्हणजे आयरिश माध्यमाच्या शाळेत घालू पाहणारे एक तरुण जोडपे, आणि उरलेले बहुतेक डब्लिनचेच. देशाच्या उत्तरेकडील डोनेगलच्या असलेल्या आमच्या शिक्षिका प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी विचारले, की शाळेतले कोणते वाक्य तुमच्या लक्षात आहे? आयर्लंडमध्ये शिकलेल्या सगळ्यांनी एकच वाक्य सांगितले: "मला शौचालयात जायची परवानगी आहे का?" पहिलीपूर्वीच्या वर्गांपासून शालान्त परीक्षेपर्यंत चौदा वर्षे ही भाषा शिकलेली ती माणसे होती. बसचालक गृहस्थ बोलायला उभे राहिले, की त्यांची मान लाल व्हायची आणि शब्द घशातच अडायचे; चुकले की छडी मिळायची, हे त्यांनी नंतर चहाच्या वेळी सांगितले. मला त्यांच्यापेक्षा एकही शब्द अधिक येत नव्हता, पण ती छडी माझ्या आठवणीत नव्हती. पुढच्या तीन वर्षांत मला जे काही जमले, त्याचे मोठे कारण मी हेच मानते.

दुसरे कारण मराठी. हे मला आधी कोणी सांगितले असते, तर खरे वाटले नसते. "मला आयरिश येते" हे आयरिशमध्ये "ता गेल्गे अगम" असे म्हणतात, म्हणजे शब्दशः "आयरिश माझ्यापाशी आहे". भूक लागली तर "ता ऑक्रस ओरम", "भूक माझ्यावर आहे". भाषा येणे, भूक लागणे, वाईट वाटणे यांत माणूस कर्ता नसतो, ही गोष्ट इंग्रजीत वाढलेल्या माझ्या सहाध्यायांना आठवडेच्या आठवडे पटत नव्हती. मला ती समजून घ्यावीच लागली नाही, कारण मराठीतही मी भाषेला 'येते' म्हणते आणि भुकेला 'लागते' म्हणते. उच्चारांचेही तसेच होते. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजन दोन प्रकारे उच्चारतात, एक जाड आणि एक बारीक, आणि कोणता उच्चार करायचा हे शेजारच्या स्वरावरून ठरते. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' एकाच अक्षराने लिहूनही वेगळा बोलायचा असतो, हे ज्याच्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे त्याला यात नवल वाटत नाही. होडीला ते 'बाद' म्हणतात, आणि त्यातला 'द' अगदी आपला दंत्य 'द' आहे.

अडले ते शब्दांच्या सुरुवातीपाशी. आपल्याकडे 'घोडा'चे 'घोड्याला' होते, म्हणजे शब्द शेवटाकडून बदलतो. आयरिश शब्द डोक्याकडून बदलतो. 'बाद' म्हणजे होडी, 'मो वाद' म्हणजे माझी होडी आणि 'आर माद' म्हणजे आमची होडी. कोशात शब्द शोधायचा, तर आधी त्याचे मूळ पहिले अक्षर ओळखावे लागते, आणि ते ओळखण्यासाठी शब्द आधीच ठाऊक असावा लागतो. एका मंगळवारी बसचालक गृहस्थ आपल्या आईचे शाळेतले पुस्तक घेऊन आले. ते जुन्या गेलिक वळणाच्या अक्षरांत छापलेले होते, आणि त्यात मऊ झालेल्या, म्हणजे 'बाद'चे 'वाद' होते तशा बदललेल्या, व्यंजनावर नुसते एक टिंब दिले होते. नंतरच्या काळात शाळांनी रोमन छपाई स्वीकारली आणि त्या टिंबाच्या जागी 'एच' अक्षर आले, म्हणून आजची आयरिश लिखावट बाहेरच्या माणसाला इतकी अक्षरबोजड दिसते. अनुस्वाराच्या टिंबाची सवय असलेल्या मला ते पान पाहताक्षणी कळले, आणि त्या दिवसापासून मी माझ्या वहीत टिंबच देते.

३ एप्रिल २०२२ च्या रविवारी जनगणनेचा अर्ज भरायचा होता. तीन वर्षांपासून पुढच्या प्रत्येक व्यक्तीबद्दल त्यात विचारले होते: आयरिश बोलता येते का, येत असल्यास किती वेळा बोलता, आणि किती चांगले बोलता. मुलीच्या रकान्यात मी "हो, रोज, शाळेत" अशी खूण केली, नवऱ्याच्या रकान्यात "नाही". माझ्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबले. दहा आठवड्यांच्या अभ्यासावर "हो" म्हणणे खोटे ठरेल का, असे वाटत होते. शेवटी मी "हो" आणि "फारसे चांगले नाही" यांवर खूण केली. निकाल जाहीर झाले तेव्हा "हो" म्हणणाऱ्यांची संख्या १८,७३,९९७ होती, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ४० टक्के, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांनी माझ्यासारखीच "फारसे चांगले नाही" ही चौकट निवडली होती. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे मात्र होते ७१,९६८. माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांमधल्या अंतरात होते.

ते अंतर कसे पडले, हे आमच्या शिक्षिकांनी इतिहासाच्या तासासारखे कधी शिकवले नाही. त्या बोलता बोलता एकेक गोष्ट सांगायच्या आणि मी घरी येऊन वाचायचे. १३६६ मध्ये किलकेनी येथे इंग्रज सत्तेने भाषेविषयी कायदा केला, तो इथे स्थायिक होऊन आयरिश बोलू लागलेल्या वसाहतकारांना आवरण्यासाठी होता. म्हणजे त्या काळी ओढ उलट दिशेची होती. सतराव्या शतकात आयरिश सरदार हरले, जमिनी गेल्या आणि कवींचे व विद्वानांचे आश्रयदाते नाहीसे झाले, तेव्हा ही भाषा गरिबांची भाषा झाली. १८३१ पासून सरकारी शाळा सुरू झाल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या. मुलांच्या गळ्यात दोरीने एक काठी अडकवली जाई, मूल आयरिश बोलले की तीवर एक खाच पाडली जाई, आणि खाचा मोजून शिक्षा होई. शिक्षिका म्हणाल्या, की यात शाळेला घरच्यांची साथ असे. त्यांच्या स्वतःच्या पणजोबांच्या खाचा पणजोबांच्या वडिलांनीच पाडल्या होत्या. हे सांगताना त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. बोस्टनला किंवा लिव्हरपूलला जाणाऱ्या मुलाला इंग्रजी आले नाही तर तो उपाशी मरेल, हे त्या बापाला ठाऊक होते. त्यानंतर १८४५ मध्ये गरिबांचे मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि आणखी तितकीच देश सोडून गेली, आणि सर्वांत जास्त झळ बसली ती पश्चिमेकडच्या आयरिशभाषक गरीब वस्त्यांना. १८५१ च्या जनगणनेत भाषेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा आयरिश बोलणारे सुमारे पंधरा लाख, म्हणजे एक चतुर्थांशाहूनही कमी उरले होते.

पुनरुज्जीवनाच्या चळवळीबद्दल मी पुष्कळ वाचले, पण मनात राहिली ती एकच गोष्ट. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन करणाऱ्यांतले प्रमुख डग्लस हाइड हे प्रॉटेस्टंट पाद्र्याचे चिरंजीव. त्यांची मातृभाषा इंग्रजी. रॉसकॉमन परगण्यातील शेजारपाजारच्या सामान्य माणसांकडून ते आयरिश शिकले, आणि १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. या भाषेची चळवळ उभी करणारा माणूस स्वतः शिकणारा होता, हे वाचून मला फार धीर आला.

जुलै २०२३ मध्ये मी एका आठवड्यासाठी 'गेल्ताख्त'मध्ये, म्हणजे जिथे आयरिश ही अजूनही घरची भाषा आहे अशा भागात, राहायला गेले. गाव होते गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारातले अन ख्याहरू रुआ. तिकडे गावांच्या पाट्यांवरून इंग्रजी नावे नाहीशी होतात आणि वाट द्या हे सांगणारा फलकही फक्त 'गेल श्ली' असे म्हणतो. दगडावर दगड रचलेली कुंपणे, मधूनच डोकावणारा समुद्र, आणि घरात शिरताच येणारा पीटच्या, म्हणजे जळणासाठी वापरतात त्या दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुराचा वास. मी जिच्या घरी उतरले त्या घरमालकिणीला 'बॅन अन ती' म्हणतात, 'घरची बाई'. वय सत्तरीच्या पुढचे. उन्हाळ्यात आयरिश शिकायला येणाऱ्या शहरी मुलांना तिने तीस वर्षे घरी ठेवून घेतले होते.

पहिल्याच मिनिटाला माझी जीभ अडखळली, आणि ती शब्द येत नव्हता म्हणून नव्हे. आयरिशमध्ये एका माणसाशी बोलताना 'तू' म्हणतात. उच्चारही तूच, आणि आपल्या 'तू'शी त्याचे सख्खे नाते आहे. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून आले आहेत. रोजच्या बोलण्यात आदराचे वेगळे रूप नाही. माझ्या आजीच्या वयाच्या बाईला चहाची कपबशी हातात घेऊन "तू कशी आहेस?" असे विचारणे मला जमेना. मी दोनदा अनेकवचन वापरले. तिने मागे वळून पाहिले, माझ्याबरोबर आणखी कोणी आले आहे का म्हणून. मग मी तिला अडखळत सांगितले, की आमच्या भाषेत मोठ्यांना एकेरी हाक मारत नाहीत. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, की इथे देवालाही तूच म्हणतात, तेव्हा मलाही म्हण. आम्हीही विठ्ठलाला एकेरीच हाक मारतो, हे मला त्या क्षणी आठवले, पण ते सांगण्याइतकी आयरिश माझ्यापाशी नव्हती.

जेवताना तिने विचारले, घरी तुम्ही किती जण? मी म्हणाले, "त्रूर". तिने हातातला चमचा खाली ठेवला. आयरिशमध्ये वस्तू मोजायचे आकडे वेगळे आणि माणसे मोजायचे वेगळे: दोघांना 'बेर्च', तिघांना 'त्रूर', चौघांना 'क्याहरर', आणि असे थेट दहापर्यंत. तिच्याकडे आलेली डब्लिनची मुले तीन आठवडे राहूनही माणसांना वस्तूंच्या आकड्यांनी मोजत. तू हे कुठे शिकलीस, असे तिने विचारले, तेव्हा मी तिला 'दोघे, तिघे, चौघे' म्हणून दाखवले. तिने ते शब्द माझ्यामागून तीनदा म्हटले. आमचे मोजणे चारापुढे 'पाच जण' असे सोपे होते, हे ऐकून तिला वाईट वाटले, आणि तिने मला 'कूगर', म्हणजे पाच माणसे, पासून पुढचे सगळे पाठ करून घ्यायला लावले.

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला दुकानात गेले. काउंटरवरचा तरुण माझ्या पुढच्या म्हाताऱ्याशी भराभर आयरिशमध्ये बोलत होता. माझी पाळी आली तेव्हा मी "जीया ग्विच" म्हणाले. हे त्यांचे अभिवादन, 'देव तुझ्याजवळ असो'. त्याला "देव आणि मेरी तुझ्याजवळ असोत" असे उत्तर यायला हवे होते. उत्तर आले ते इंग्रजीत, हसून, अतिशय प्रेमाने. मी दुधाबद्दल आयरिशमध्ये विचारले, त्याने पुन्हा इंग्रजीत सांगितले. यात उपेक्षा अजिबात नव्हती. पाहुण्याला त्रास होऊ नये, ही त्याची सौजन्याची रीत होती. पण बाहेर येऊन मी त्या कुंपणाच्या दगडावर बसले आणि मला मुंबईची लोकल आठवली. समोरची व्यक्ती मराठी दिसत नाही एवढ्यावरून मी कितीदा क्षणात हिंदीकडे वळले आहे, आणि कदाचित त्यांतल्या एखादीला मराठी बोलायचे असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. भाषा सक्तीने मरते तशी सौजन्यानेही मरते, हे मला त्या दुकानाबाहेर समजले.

घरी येऊन ही गोष्ट सांगितल्यावर बॅन अन तीने मला एक वाक्य शिकवले: "मी आयरिश शिकते आहे, माझ्याशी आयरिश बोल." ते म्हणताना क्षमा मागितल्यासारखा सूर असू नये, असे तिने बजावले. ती स्वतः हे सांगायला अधिकारी होती. तिचा धाकटा मुलगा गावात परवडणारे घर मिळेना म्हणून गॉलवे शहरात राहायला गेला, तिथे सून इंग्रजीभाषक, आणि नातवंडे घरी आली की सगळी पंगत त्या एकीसाठी इंग्रजीकडे वळते. सून समंजस आहे, शिकायचेही म्हणते. पण पंगतीतले कोणीच तिच्यासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात गेले, ते वाक्य म्हणाले, आणि तो तरुण एकदम सावकाश, शब्द तोडून आयरिश बोलू लागला. शनिवारपर्यंत आमचे हवामान, बस आणि भारतातल्या पावसाबद्दल बोलून झाले होते.

२०२४ च्या वसंतात मी मेनूथ विद्यापीठाची प्रौढांसाठीची आयरिशची परीक्षा दिली, युरोपीय श्रेणीतली ए-२ पातळी, म्हणजे खालून दुसरी पायरी. लेखन आणि वाचन कसेबसे झाले, ऐकण्याच्या भागात डोनेगलच्या बोलीने मला गोंधळात टाकले. "कशी आहेस?" हे दक्षिणेत, पश्चिमेत आणि उत्तरेत तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारतात, आणि माझ्या कानात कॉनेमाराचे बसले होते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी घरच्यांबद्दल विचारले. मी "त्रूर" म्हणाले आणि पुढचे आपोआप आले. मी उत्तीर्ण झाले. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात आयरिशला इतर अधिकृत भाषांइतकाच पूर्ण दर्जा मिळाला आहे, आणि २०३० पर्यंत सरकारी सेवेत नव्याने येणाऱ्यांपैकी २० टक्के लोक आयरिश जाणणारे असावेत असे कायद्याने ठरवले आहे, त्यामुळे माझ्या प्रमाणपत्राचा उपयोग काय, असे आता मला फारसे कोणी विचारत नाही.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. आठवड्यातले दोन दिवस रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघी आयरिश बोलतो, आणि त्या वेळी तिचे बाबा मराठीत बोलतात. इंग्रजीकडे कोणी वळायचे नाही, एवढा एकच नियम. सकाळी स्वयंपाकघरात मी 'रेडिओ ना गेल्ताख्ता' लावते. १९७२ पासून चालू असलेल्या या केंद्रावर निधनवार्ताही वाचून दाखवतात. कोण गेले, कोणत्या गावचे, दफन किती वाजता, हे मला आता पूर्ण समजते. हवामानही समजते. बातम्या अजून अर्ध्याच समजतात.